‘कास्ट’ पोर्तुगीज, मग जात कुणाची?

गेल्या महिन्यात रहाटणीतल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मुलाने मोबाइल पुढे केला. त्याच्या कंपनीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला होता. सारांश असा : ‘कास्ट’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. आपल्या ग्रंथांत वर्ण होते आणि तेही कर्मावर होते. जात फिरंग्यांनी आणली, इंग्रजांनी खानेसुमारीत पक्की केली आणि आज काही लोक त्याच परक्या शब्दाचे राजकारण करून समाज फोडतात. खाली हात जोडलेल्या चार इमोजी.

मुलगा भोसरीच्या एका फाउंड्रीत कामाला आहे. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला गंभीर होता, “दादा, शब्द खरंच पोर्तुगीज आहे का?” दुसरा गमतीचा, “आणि मी दिवसभर कास्टिंग करतो, ते पण पोर्तुगीजच का?” वर्ग हसला. आम्ही त्या दिवशी घाईत जे उत्तर दिले ते आम्हालाच पुरेसे वाटले नाही. म्हणून हा लेख. आणि सुरुवात गमतीच्या प्रश्नापासून करतो, कारण त्या प्रश्नात गंभीर प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

फाउंड्रीतले ‘कास्ट’ पोर्तुगीज नाही. ते उत्तर युरोपातून, व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आले. मूळ क्रियापद ‘कास्टा’, अर्थ फेकणे, टाकणे. तेराव्या शतकापासून ते इंग्रजीत दिसते आणि पुढे त्याला इतके फाटे फुटले की मूळ अर्थ विसरायला होते. कोळी जाळे फेकतो ते कास्ट. मत टाकले ते कास्ट, समसमान मते पडली तर अध्यक्षाचे ते कास्टिंग व्होट. हाड मोडल्यावरचे प्लास्टर हेही कास्ट. नाटक-सिनेमात कुणाला कोणती भूमिका दिली, ते कास्ट. शेतात बी मुठीने फोकून पेरायच्या पद्धतीला इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हणत, रेडिओने तो शब्द नंतर उचलला. वितळलेली धातू साच्यात टाकायची, म्हणून कास्टिंग.

आपल्या पट्ट्यातल्या हजारो पोरांना ते काम सांगायला नको. वाळूचा साचा भरायचा, पोकळी हवी तिथे कोअर बसवायचा, भट्टीतून सुमारे १४०० अंश सेल्सिअसचे लोखंड लॅडलमध्ये घ्यायचे आणि साच्यात ओतायचे. थंड झाले की साचा फोडायचा आणि माल फेटलिंगला पाठवायचा. मराठीत याला ओतकाम म्हणतात. ओतीव लोखंडाला बीड म्हणतात. घरातला बिडाचा तवा तोच. आणि हे काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांची आपल्याकडे काय झाली? जात झाली. तिचे नाव ओतारी. युरोपात ओतकाम करणाऱ्याचा धंदा झाला, संघ झाला, आडनावही झाले. आपल्याकडे त्या कामाभोवती लग्नाची भिंत उभी राहिली. ती भिंत कुणी बांधली हा खरा प्रश्न आहे. तिला इंग्रजीत काय म्हणतात, हा नंतरचा.

आता जातवाचक ‘कास्ट’कडे येऊ. मेसेज लिहिणाऱ्याचे इथपर्यंत बरोबर आहे : हा शब्द ‘कास्टा’ या पोर्तुगीज आणि स्पॅनिश शब्दावरून आला. (नॉर्स ‘कास्टा’ आणि हा ‘कास्टा’ उच्चाराला सारखे, पण वेगवेगळे शब्द आहेत.) अर्थ वाण, वंश, पैदास. घोड्याचा कास्टा, बैलाचा कास्टा. पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या वाणाला आजही कास्टाच म्हणतात. आपण नाही का आंब्याची जात, उसाची जात, कोंबडीची जात म्हणतो? तसेच.

‘कास्टा’च्याही मागे जायचे तर अभ्यासकांत दोन मते आहेत. जुने आणि जास्त प्रचलित मत असे की तो लॅटिन ‘कास्टुस’ म्हणजे शुद्ध, निर्मळ यावरून आला. हे मत धरले तर इंग्रजीतला ‘चेस्ट’, म्हणजे शीलवान, पतिव्रता या अर्थाचा शब्द, ‘कास्ट’चा सख्खा भाऊ ठरतो. दुसरे मत जोआन कोरोमिनास या स्पॅनिश भाषेच्या नामवंत व्युत्पत्तिकाराचे. त्याच्या मते मूळ गॉथिक भाषेत आहे, अर्थ कळप किंवा एका वेतातली पिल्ले, आणि ते मूळ फेकण्याच्या नॉर्स शब्दाशी नाते सांगणारे आहे. म्हणजे कोरोमिनासचे मानले तर फाउंड्रीतले कास्ट आणि दाखल्यावरचे कास्ट हे फार दूरचे का होईना, पण भाऊबंद. आमच्या त्या मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मी गमतीत बरोबर बोललो.”

हा शब्द हिंदुस्थानच्या समाजाला कुणी लावला, तर पोर्तुगिजांनी. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. इथे एका माणसाची गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण ती आपल्या कोकणपट्टीतली आहे आणि ती कळली की मेसेजमधला अर्धा फुगा आपोआप फुटतो.

गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते. या पुस्तकात औषधांबरोबर माणसेही येतात. इथे कुणी बापाचा धंदा सोडत नाही, चांभारांच्या कास्टातले सगळे चांभारच, अशा आशयाचे निरीक्षण तो नोंदवतो. ‘कास्टा’ शब्दाच्या हिंदुस्थानी वापराचे हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशानेही ते घेतले आहे.

पण शब्दकोश जिथे थांबतो तिथे आपण थांबायचे नाही. याच पुस्तकात ओर्ता वसई-मुंबईकडच्या लोकांची वर्णने देतो. कुणबी, माळी, प्रभू, वाणी, पारशी. आणि शेवटी एका गटाबद्दल लिहितो. त्यांना तो ‘देरेश’ किंवा ‘फराज’ म्हणतो. हे लोक सर्वांच्या तिरस्काराचे धनी आहेत, कुणाला शिवत नाहीत, मेलेलेही खातात. प्रत्येक गाव त्यांना न शिवता अन्न देते आणि त्यांचे काम घरांची व रस्त्यांची घाण काढणे. वाचकहो, हे कोण लोक ते आम्ही सांगायची गरज आहे का? धेड हा शब्द फिरंगी कानाने ऐकला की ‘देरेश’ होतो.

आता मेसेजवाल्याला विचारा. ओर्ता मुंबईत आला तेव्हा पोर्तुगीज सत्ता या किनाऱ्यावर अवघी वीस-तीस वर्षांची. एवढ्या काळात या परक्यांनी गावोगावी न शिवता भाकर टाकायची रीत शिकवली? कोकणातल्या कुणब्याला सांगितले की याला दूर बसव? ओर्ताने डोळ्यांसमोर दिसले ते लिहिले आणि त्याच्याकडे जो शब्द होता तो वापरला. त्याने जातीला नाव दिले. जात त्याला इथे तयार मिळाली.

ओर्ताची गोष्ट इथे संपत नाही. त्याचे आईवडील ज्यू. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले, पोर्तुगालमध्ये आलेले आणि १४९७ च्या सक्तीच्या धर्मांतरात ख्रिस्ती झालेले. अशांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. स्पेनमध्ये १४४९ पासूनच टोलेडो शहरात एक फर्मान निघाले होते : बाप्तिस्मा घेतला तरी रक्त ज्यूंचे, म्हणून या लोकांना सरकारी पदे नाहीत. त्याला रक्तशुद्धी म्हणत. ‘नवे ख्रिस्ती’ हा शब्द वाचून आपल्याला ‘नवबौद्ध’ आठवला तर चूक नाही. धर्म बदलला तरी आधीची ओळख पाठीवर चिकटवून ठेवायची, ही युक्ती एका देशाची मक्तेदारी नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. ओर्ता १५६८ मध्ये मेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याचीच हाडे थडग्यातून उकरून जाळली. इथल्या माणसांना ‘कास्टा’ लावणाऱ्याचे स्वतःचे घर रक्तशुद्धीच्या चितेवर गेले.

म्हणून आम्ही असे म्हणत नाही की युरोपीय लोक निरागस होते. ‘कास्टा’ शब्दात रक्त आणि शुद्धी यांचा वास होताच. अमेरिका खंडातल्या स्पॅनिश वसाहतींत त्यांनी तोच शब्द मिश्र वंशाच्या लोकांना लावला. अठराव्या शतकात मेक्सिकोत तर चित्रमालिका निघाल्या, बहुधा सोळा चित्रांच्या : बाप अमुक वंशाचा, आई तमुक, मूल कोणते, आणि खाली त्या मुलाच्या कास्टाचे नाव. इंग्रजांनी हा शब्द पोर्तुगिजांकडून उचलला. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत ते तो ‘कास्ट’ असाच, म्हणजे ओतकामाच्या कास्टसारखाच लिहीत. शेवटी लावायचे ‘ई’ फ्रेंचांच्या स्पेलिंगमुळे नंतर स्थिर झाले. मराठीत लिहिताना ते ‘ई’ गळून पडले आणि दोन्ही कास्ट पुन्हा एक झाले.

शब्द परका, म्हणून वस्तू परकी, हे तर्कशास्त्र आपण बाकी कुठे लावतो का? बटाटा हा शब्द पोर्तुगीज आणि बटाटाही त्यांनीच आणला, हे खरे. पण चावी हा शब्दही पोर्तुगीज आहे. म्हणून त्याआधी आपल्याकडे कुलूपकिल्ली नव्हती काय? शब्दाचा जन्मदाखला दाखवून वस्तूचा जन्म सिद्ध होत नाही.

वस्तूचा जन्म शोधायचा तर पोर्तुगिजांच्या आधीची साक्ष पाहावी लागते आणि ती ढीगभर आहे. फाहियान हा चिनी भिक्खू इसवी सन ४०० च्या सुमारास आला. चांडाळ गावाबाहेर राहतात, नगरात शिरताना लाकूड आपटून आपण आल्याची वर्दी देतात, असे तो लिहितो. अल्-बिरुनीचा ग्रंथ १०३० च्या आसपासचा. हिंदू लोक या विभागणीला वर्ण म्हणतात आणि वंशाच्या बाजूने पाहता जन्मवाचक शब्दाने ओळखतात, हेही त्याने नोंदवले आहे. डोंब, चांडाळ हे कोणत्याही गणतीत नाहीत, हेही. आणि आपल्याच मातीतली साक्ष हवी तर मंगळवेढ्याला जा. चोखोबा १३३८ मध्ये भिंत कोसळून गेले असे परंपरा सांगते. वास्को द गामा जन्मायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती. चोखोबांच्या अभंगांतला विटाळ कोणत्या फिरंग्याने आणला?

पण आम्हाला या सगळ्यांपेक्षा जुनी आणि जास्त मोलाची वाटते ती साक्ष सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्ताची. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण वाद घालत असतात : माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने? निवाड्यासाठी ते बुद्धाकडे जातात. बुद्धाने दिलेले उत्तर नुसते ‘कर्माने’ एवढेच असते तर आजचा मेसेजवालाही ते आपल्या खिशात घालून गेला असता. बुद्ध वेगळेच करतो. तो ‘जाति’ या शब्दाचेच दोन अर्थ सोडवून दाखवतो. गवताकडे पाहा, झाडांकडे पाहा, किडे, चतुष्पाद प्राणी, साप, मासे, पक्षी पाहा. यांच्यात जाती आहेत, कारण शरीरावर वेगळेपणाच्या खुणा आहेत. मग तो माणसाचे अवयव एकेक करून मोजतो. केस, डोके, कान, डोळे, तोंड, नाक, मान, खांदे, हात, पाय. तशी खूण यांत कुठेच नाही. माणसांत जो भेद आहे तो नावापुरता, लोकव्यवहाराने ठरवलेला. गाई राखून जगतो तो शेतकरी, कारागिरीवर जगतो तो कारागीर.

अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाने जो गोंधळ सोडवला, तोच ‘कास्टा’ शब्दाने पुन्हा केला : द्राक्षाचा वाण आणि माणसाचा समूह एका शब्दात बांधला. आपली मराठीही त्यात मागे नाही. आंब्यालाही जात आणि माणसालाही जात. जातिवंत घोडा, जातिवंत कलावंत. ‘जात्याच हुशार’ म्हणतो तेव्हा जन्मापासून असा अर्थ असतो. (‘साहेब जातीने हजर होते’ यातली जात मात्र निराळी. ती अरबी ‘जात’, म्हणजे स्वतः, खुद्द. तिच्यावर राग धरायचे कारण नाही.) आणि एक लक्षात घ्या : बुद्धाला हा वाद सोडवावा लागला, याचा अर्थ जन्मावर मोठेपणा ठरवणारे लोक तेव्हाही होते, तेही संस्कृत-पाली बोलणारे. पोर्तुगीज बोलणारे नव्हते.

इंग्रजांचे काय? इथे आपल्या बाजूने प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. इंग्रजांनी जात मोजली, तिची यादी केली आणि १९०१ च्या खानेसुमारीत हर्बर्ट रिस्लेने जातींचा सामाजिक श्रेष्ठत्वाचा क्रम लावायचा घाट घातला. आपला क्रम वर लागावा म्हणून अर्जांचे ढीग पडले. रिस्ले तर नाके मोजत होता, जात म्हणजे वंश हे सिद्ध करायला. निकोलस डर्क्स या अमेरिकी अभ्यासकाच्या २००१ च्या पुस्तकाने हा मुद्दा गाजवला की आज दिसते तशी जात घडण्यात वसाहती राज्याचा मोठा हात आहे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हीही ते वाचले, त्यात तथ्य आहे. पण साच्यातला माल थंड होताना कुणी त्यावर नंबर ठोकला, म्हणून ओतणारा तोच ठरत नाही. शिवाय अर्ज करणारे ‘आम्हाला वर घाला’ म्हणत होते. ‘ही यादीच नको’ म्हणणारे त्यांत कितीसे होते?

बाबासाहेबांनी या नाके मोजणाऱ्यांना त्यांच्याच फूटपट्टीने उत्तर दिले. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांनी वापरलेल्या मोजमापांचे आकडे घेतले आणि दाखवले की त्या मोजमापांनी ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. वासेट्ठ सुत्तात नाकाचा उल्लेख आहेच. खूण सापडली नाही, ती तिथेही नाही आणि इथेही नाही.

आणि त्याआधी, ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या ते एकेक तपासतात. शब्द कुठून आला यावर त्यांचा भर नाही. ते विचारतात, ही गोष्ट चालते कशी? उत्तर : जातीतल्या जातीत लग्न. समाजात वर्ग होते, एका वर्गाने दार लावून घेतले, इतरांनी अनुकरण केले आणि काहींना दार आधीच लावलेले आढळले. दार बंद राहायचे तर आत स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेल्यावर उरलेली बाई हा व्यवस्थेपुढचा पेच. म्हणून तिला जाळा, नाहीतर सक्तीच्या वैधव्यात कोंडा. बायको मेलेल्या पुरुषासाठी लहान मुलगी आणा. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही जातीच्या देहातली यंत्रे आहेत, हे बाबासाहेबांनी तेव्हा सांगितले.

आता ‘चेस्ट’ आणि ‘कास्ट’ हे भाऊ असल्याचे जुने मत आठवा. व्युत्पत्ती खरी असो की खोटी, शीलाच्या नावाने बाईवर पहारा आणि जातीची शुद्धता हे एकच काम आहे, हे बाबासाहेबांनी शब्दकोश न उघडता सिद्ध केले. आपल्या वस्तीतही पोरीने जातीबाहेर लग्न ठरवले की काय होते ते आठवा, आणि हे वाक्य फक्त दुसऱ्यांसाठी लिहिलेले नाही. पोटजात विचारणाऱ्या बौद्ध वधूवर मेळाव्यांबद्दल आम्ही एकदा स्वतंत्र लिहू.

फेकण्याच्या शब्दाकडे परत येतो, कारण तो अजून संपलेला नाही. इंग्रजीत ‘आउटकास्ट’ हा शब्द चौदाव्या शतकापासून आहे. अर्थ बाहेर टाकलेला. जातीशी त्याचा संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या संदर्भात शेवटी ‘ई’ लावलेला दुसरा ‘आउटकास्ट’ घडला, म्हणजे जातीबाहेरचा. उच्चार एक, अर्थ दोन. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यात ‘हरिजन’चा पहिला अंक निघाला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांनी बाबासाहेबांकडे संदेश मागितला. बाबासाहेबांनी संदेश द्यायचे टाळले आणि मोजक्या वाक्यांत मत पाठवले : हा आउटकास्ट जातिव्यवस्थेचेच उत्पादन आहे, जाती आहेत तोवर तो राहणार आणि जातिव्यवस्था नष्ट केल्याशिवाय त्याची सुटका नाही. गांधीजींनी ते छापले, सोबत आपले वेगळे मतही छापले. अस्पृश्यता काढा पण वर्ण राहू द्या, ही त्यांची भूमिका होती.

मराठीत लिहिताना बाबासाहेबांनी कोणता शब्द निवडला तेही पाहा. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कृत म्हणजे बाहेर केलेला. व्याकरणाच्या भाषेत हे कर्मणि रूप आहे. ‘केलेला’ म्हटले की कुणीतरी करणारा आलाच. शूद्र, अंत्यज, महार या नावांत असा प्रश्न उठत नाही, ती जन्मखूण असल्यासारखी वाटतात. ‘बहिष्कृत’ ऐकले की माणूस विचारतो, कुणी केले? मेसेज लिहिणाऱ्याला या प्रश्नाचीच अडचण आहे. म्हणून त्याला करणारा परदेशातून आणावा लागतो.

हीच अडचण आता अमेरिकेतही गेली आहे. तिथे ‘कास्ट’ हा शब्द नवा नाही. चार्ल्स समनर या सिनेटरने १८६९ मध्ये ‘कास्टचा प्रश्न’ या विषयावर भाषण दिले होते, गोऱ्या-काळ्यांच्या संदर्भात. १८९६ च्या प्लेसी खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात या देशात कास्ट नाही असे बजावले होते. इकडे जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. तुलना दोन्ही किनाऱ्यांवरून चालू होती. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले. विरोधकांचा एक आवडता मुद्दा कोणता होता? कास्ट हा वसाहतवाद्यांचा शब्द आहे. म्हणजे रहाटणीतल्या मोबाइलवरचा मेसेज आणि कॅलिफोर्नियातला युक्तिवाद एकाच साच्यातले.

आपल्या बोलण्यात ‘कास्ट’चे काय झाले ते कोशात मिळणार नाही, ते इथल्या रस्त्यावर ऐकावे लागते. आमच्या एका कार्यकर्त्याने रहाटणी-पिंपळे सौदागरकडे भाड्याने फ्लॅट शोधला. ‘जात कोणती’ असे त्याला कुणीच विचारले नाही. एकाने पूर्ण आडनाव विचारले. एकाने ‘व्हेज ना?’ विचारले. एक म्हणाला, “कास्टबिस्ट आम्ही मानत नाही हो, पण सोसायटीचं तसं आहे.” ‘जात’ जड वाटते, ‘कास्ट’ म्हटले की सभ्य वाटते, ‘कम्युनिटी’ म्हटले की त्याहून सभ्य. फ्लॅट त्याला मिळाला नाही, पण शब्द तिन्ही मिळाले.

कॉलेजात आणि कंपनीत आणखी गंमत आहे. “तू ओपन की कास्ट?” हा प्रश्न आम्ही स्वतः ऐकला आहे, ऐकणाऱ्या कुणाला तो विचित्रही वाटला नाही. ‘कास्टमधून ॲडमिशन’, ‘कास्टवाला’. म्हणजे कास्ट फक्त आपल्याला, समोरच्याला जातच नाही, तो नुसता माणूस. सतीश देशपांडे यांनी २०१३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या ‘जनरल कॅटेगरी’चे चरित्रच लिहिले : उच्चजातीयांनी जातीचा लाभ घेऊन झाल्यावर स्वतःची जात अदृश्य केली आणि जात हे इतरांचे लक्षण ठरवले. पोर्तुगीज ‘कास्टा’ निदान सगळ्यांना लावत होते. पिंपरी-चिंचवडच्या मराठीत तो फक्त खालच्यांचा उरला आहे.

आता त्या मुलाचे राहिले. त्याच्या धाकट्या बहिणीच्या ॲडमिशनसाठी जातीचा दाखला काढायचा होता. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. १९५० साली सामुदायिक धर्मांतर झालेले नव्हते, दीक्षाभूमी १९५६ ची; बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या १९९० मध्ये. तेव्हा आज बौद्ध असल्याचा दाखला काढायला आजोबा हिंदू महार असल्याचा कागद शोधावा लागतो. बहीण-भाऊ करमाळा तालुक्यातल्या गावी गेले. शाळेने प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढून दिला. आजोबांचे नाव, जन्मतारीख आणि पुढच्या रकान्यात दोन शब्द. रकान्याच्या डोक्यावर शाईने लिहिले आहे ‘जात’. पोर्तुगीज नाही, इंग्रजी नाही.

त्याने त्या पानाचा फोटो काढला आणि त्याच मेसेजखाली कंपनीच्या ग्रुपवर टाकला. सोबत चार ओळी : चोखामेळा १३३८, वास्को द गामा १४९८, वजाबाकी तुम्हीच करा. दोघांनी अंगठा दिला. एक सुपरवायझर ग्रुप सोडून गेला. थोड्या वेळाने ॲडमिनने सूचना टाकली की ग्रुपवर फक्त कामाचे मेसेज पाठवावेत. आधीचा मेसेज, हात जोडलेल्या चार इमोजींसह, अजून तसाच आहे.